नागीनची पुंगी, पेटीवरची बंदी आणि आपला कॅसिओ

ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘बघा ना’ बरेच काढलेत, काही राहिलेत, ते चालवून घ्या.

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात वरात निघाली की नवरदेवाच्या मित्रांपैकी एक जण तोंडात रुमाल धरतो, दुसरा जमिनीवर लोळतो आणि बँडवाला ‘नागीन’ची धून धरतो. ती धून मुळात कोणत्या वाद्यावर वाजली होती? दहातले नऊ जण सांगतील, पुंगीवर. गारुड्याकडं असते ती भोपळ्याची.

उत्तर चुकीचं आहे, आणि त्यातच आजची सगळी गोष्ट आहे. ‘नागिन’ सिनेमा १९५४ सालचा, संगीत हेमंत कुमार यांचं. त्यातली बीन वाजवली कल्याणजींनी, म्हणजे पुढं कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजलेल्या जोडीतले थोरले. आणि ती त्यांनी वाजवली क्लॅव्हिओलाइन नावाच्या वाद्यावर. क्लॅव्हिओलाइन म्हणजे विजेवर चालणारा, उचलून नेता येणारा, तीन सप्तकांचा कीबोर्ड. १९४७ साली फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या माणसानं तो बनवला. पोटात व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दिवे. सोबत ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची वेगळी पेटी. एका वेळी एकच सूर वाजायचा, दोन पट्ट्या दाबल्या तरी दोन सूर नाही. आवाज कंपित करायची सोय होती. आता बघा, एकच सूर, नाकातला आवाज आणि वर कंप, म्हणजे पुंगीच की! वाद्याच्या मर्यादाच कामी आल्या.

म्हणजे आपल्या पिढीला वाटतं की बँडमध्ये कीबोर्ड अलीकडं घुसला आणि जुनी खरी वाद्यं गेली. पण वरातीतली सगळ्यात लाडकी धून सत्तर वर्षांपूर्वी कीबोर्डवरच जन्मली. मधली कित्येक वर्षं बँडवाल्यांनी ती क्लॅरिनेटवर उतरवून घेतली, फुंकून फुंकून गाल फुगवले, आणि आता ती पुन्हा कीबोर्डवर आली आहे. मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला, गाव जामनेर. मला अशा गोष्टींत फार रस, की एखादी वस्तू ‘आपली’ कधी होते आणि ते ठरवतं कोण. कीबोर्डच्या बाबतीत हे ठरवण्याचा प्रयत्न आपल्या देशात सरकारी पातळीवर झालेला आहे. त्यासाठी थोडं मागं जाऊ, पेटीपर्यंत.

पेटी, म्हणजे हार्मोनियम, हीसुद्धा परदेशी. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन यांनी १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. ती टेबलाएवढी होती, खुर्चीवर बसून पायानं भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. चर्चच्या प्रार्थनेला, मिशनऱ्यांबरोबर ती भारतात आली. पण आपण बसतो खाली मांडी घालून, आणि आपल्या संगीतात एका वेळी अनेक सूर एकत्र वाजवायची गरज नाही. मग एक हात मोकळा राहतोच ना? त्या हाताला भाता द्या, पाय कापून टाका, खोका लहान करा. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे केलं. हातपेटी तयार झाली. मला विचाराल तर वापरणाऱ्याकडं बघून वस्तूची रचना बदलण्याचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. आमच्या कॉलेजात ते शिकवायला हवं होतं.

महाराष्ट्रात पेटीला घर मिळालं ते नाटकात. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० सालचं. पुढं संगीत नाटकांच्या पिटात पायपेटी, म्हणजे ऑर्गन, कायमची बसली. कारण सरळ आहे. माईक नव्हते. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला सूर ऐकू जायला पाहिजे, आणि नटाला पाठीमागून भरभक्कम आधार पाहिजे. बालगंधर्व लहानपणी काही काळ जळगावात राहिले होते. आपल्या जिल्ह्याचा अभिमान म्हणून सांगून घेतो, मुद्द्याशी फार संबंध नाही. मुद्द्याचा माणूस म्हणजे कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे. जन्म १८८१. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला, १९११ साली, चाली त्यांच्या. पेटीवर एकटं बसून मैफल रंगवता येते हे त्यांनी दाखवलं. साथीच्या वाद्याला मुख्य आसनावर बसवलं.

आणि इथंच भांडण सुरू झालं. पेटीत बारा स्वर, जागच्या जागी ठोकून बसवलेले. गवई दोन स्वरांच्या मधून घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. ती पेटीवर येत नाही. हा एक आक्षेप. दुसरा जास्त खोलातला, आणि माझ्यासारख्या आकडेवाल्याला तोच आवडतो. पाश्चात्त्य पेटीचे बारा स्वर समान अंतरावर कापलेले असतात. गळा तसं गात नाही. तंबोऱ्यावर षड्ज लावून शुद्ध गंधार लावला, तर तो षड्जाच्या सव्वापट कंपनांवर बसतो. षड्ज २६१.६३ हर्ट्झ धरला तर गंधार ३२७.०४. कीबोर्डवरची तीच पट्टी देते ३२९.६३. फरक अडीच हर्ट्झच्या थोडा वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तंबोरा चालू ठेवून ती पट्टी दाबून बघा. स्वर थरथरतो, शांत बसत नाही.

यावर सांगलीकडच्या एका माणसानं आयुष्य लावलं. कृष्णाजी बल्लाळ देवल, पेशानं डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुती मोजायच्या, त्यांचे आकडे काढायचे आणि त्या पेटीत बसवायच्या हा त्यांचा ध्यास. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. अब्दुल करीम खाँ साहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगांना लाभला. आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले, आणि चक्क लंडनच्या कारखान्यातून श्रुतींची हार्मोनियम बनवून आणली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. जमलेल्या गवई-पंडितांचं समाधान झालं नाही. त्यांचं म्हणणं, श्रुती अशी खिळा ठोकून एका जागी बसत नाही, रागाप्रमाणे हलते. मला दोन्ही बाजू पटतात. पण बाराच्या जागी बावीस सूर बोटांनी वाजवायला देणं हा वापरणाऱ्याचा विचार नव्हता, हे नक्की. द्वारकिननं काढून टाकून काम साधलं, देवलांनी भर घालून घालवलं. (आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी हाच प्रश्न पुन्हा हातात घेऊन बावीस श्रुतींची पेटी बनवली, म्हणजे तो विषय संपलेला नाही.)

आता सरकार. जॉन फाउल्ड्स नावाचे एक इंग्रज संगीतकार ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्त्य संगीत सांभाळायचे. त्यांनी १९३८ मध्ये हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला विरोध होता. आणि १ मार्च १९४० पासून रेडिओवर हार्मोनियम बंद. गंमत बघा, परदेशी वाद्य म्हणून बंदी, आणि बंदीच्या बाजूनं हिरीरीनं लिहिणारा इंग्रज! स्वातंत्र्यानंतरही ती उठली नाही. १९५२ ते ६२ नभोवाणी मंत्री होते बा. वि. केसकर, मराठी माणूस. त्यांनी सिनेमाच्या गाण्यांनाही रेडिओवरून जवळपास हाकललं, मग लोक रेडिओ सिलोन ऐकायला लागले. पेटीवरची बंदी १९७० नंतर हळूहळू सैल झाली, म्हणजे तीस वर्षं गेली. पु. ल. देशपांडे स्वतः पेटी उत्तम वाजवायचे, आणि पन्नासच्या दशकात आकाशवाणीत नोकरीला होते. जिथं पेटी चालत नाही तिथं पेटीवाला!

पण या तीस वर्षांत काय थांबलं? रेडिओवर थांबलं. गावात काही नाही. भजनी मंडळात पेटी होती, कीर्तनात होती, तमाशात होती, शाळेच्या प्रार्थनेला होती. खानदेशातली किती मंदिरं अशी असतील जिथं पेटीच्या झाकणावर कोणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ असं रंगवलेलं नाव आहे. मंडळातले निम्मे शेतकरी कोणाकडं शिकायला गेले नाहीत. पट्ट्या दिसतात, बोट ठेवलं की सूर लागतो, दुसऱ्याचं बघून तिसरा शिकतो. सारंगीत हे शक्य नाही, तिच्यात सूर सापडायलाच दोन वर्षं जातात. स्वरांबद्दलचे आक्षेप घेणाऱ्यांचे कान तयार होते, त्यांचं गणितही बरोबर होतं. पण गणपतीसमोर आरती धरणाऱ्या माणसाला तीन हर्ट्झची अडचण कधीच नव्हती, आणि त्याला कोणी विचारलंही नव्हतं.

बंदी सैल होत होती त्याच काळात मुंबईच्या स्टुडिओत वीज भलत्याच दिशेनं खेळत होती. केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग सिंथेसायझर हिंदी सिनेमात आणला. १९८२ मध्ये चरणजित सिंग नावाच्या वादकानं रोलँडची तीन यंत्रं घेऊन यमन, भैरव, तोडी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एच.एम.व्ही.नं रेकॉर्ड काढली. कोणी विचारलं नाही. तीस-एक वर्षांनी युरोपातल्या लोकांनी ती शोधून काढली आणि हे तर पुढं शिकागोत जन्मलेल्या संगीतासारखं आहे म्हणून डोक्यावर घेतलं. ही यंत्रं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची.

आवाक्यात आणलं कॅल्क्युलेटरवाल्यांनी. जपानचे चार काशिओ भाऊ, १९५७ मध्ये त्यांनी कॅल्क्युलेटरची कंपनी काढली. त्यातल्या तोशिओंना संगीताची ओढ. जानेवारी १९८० मध्ये ‘कॅसिओटोन २०१’ आला. ४९ पट्ट्या, २९ आवाज. जी चिप गणित करते तीच सूर काढू शकते, आणि चिप स्वस्त होत जाते, एवढाच हिशेब. पुढं त्यांनी इतके लहान कीबोर्ड काढले की ते खेळण्यांच्या दुकानात मिळायला लागले. आपल्याकडं १९९१ पर्यंत परदेशी इलेक्ट्रॉनिक माल म्हणजे जकात आणि कोणाचा तरी आखातातला भाऊ. नव्वदीत बाजार उघडला आणि ‘कॅसिओ’ हा शब्द झेरॉक्ससारखा झाला. यामाहा घेतला तरी लोक म्हणणार, ‘पोराला कॅसिओ घेतला भो.’

आता एक तांत्रिक वळण, पण सोपं करून सांगतो. जामनेरहून पाचोऱ्याला आमची पीजे नावाची नॅरोगेज गाडी जायची, ५६ किलोमीटर, २०२० ला बंद पडली, आता रुंदीकरण चाललंय. पाचोऱ्याला उतरलं की मुंबईसाठी गाडी बदलायची, कारण रुळांचं माप वेगळं. डबा तिकडं जाणारच नाही. १९८० च्या आसपास सिंथेसायझरचं हेच होतं. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, एकाचं यंत्र दुसऱ्याशी बोलायचं नाही. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतले डेव्ह स्मिथ यांनी पुढाकार घेतला आणि १९८३ मध्ये ‘मिडी’ हे सगळ्यांसाठी एकच माप ठरलं. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढाच निरोप तारेतून जातो. आवाज जात नाही. काकेहाशींनी ते फुकट वापरू दिलं, आणि आज चाळीस वर्षांनीही तुमच्या कीबोर्डमधून मोबाइलला जाणारा निरोप जवळपास तोच आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चार वर्षं टिकलेल्या गोष्टीला आम्ही म्हातारी म्हणतो.

१९९१ मध्ये आवाजांचीही यादी ठरली, १२८ आवाज, क्रमांकासह. या यादीत आपलं काय? १०५ वर सतार, ११२ वर सनई. झालं. ढोलकी नाही, संबळ नाही, सारंगी नाही, बासरीच्या जागी पाश्चात्त्य फ्लूट. हार्मोनियम या नावानं तर काहीच नाही, २१ क्रमांकावर ‘रीड ऑर्गन’ आहे, तीच पेटीची फ्रेंच आजी. म्हणून नव्वदीतल्या आणि दोन हजारच्या दशकातल्या आपल्या गाण्यांना तो एक ठरावीक प्लास्टिकचा वास आहे. पुढं कंपन्यांना बाजार दिसला, आणि यामाहा, कॅसिओ, रोलँड सगळ्यांनी भारतासाठी वेगळी मॉडेलं काढली, तबला, ढोलक, हार्मोनियम, शहनाई आत भरलेली. बँडवाले आणि ऑर्केस्ट्रावाले त्याच्याही पुढं गेले. ते स्वतः ध्वनिमुद्रण करून आवाज भरतात, त्याला ते ‘टोन टाकणं’ म्हणतात, आणि टोन भरलेला पेनड्राइव्ह विकत मिळतो.

आता ज्यांनी नवा किंवा जुना कीबोर्ड आणलाय त्यांच्यासाठी थोडं कामाचं, कारण इतिहासाचा सगळा गुंता त्या बटणांत बसलेला आहे.

आधी वीज. जुन्या कॅसिओला बहुतेक ९ व्होल्ट, मधला टोक उणे. यामाहाला १२ व्होल्ट, मधला टोक अधिक. एकाचं अडॅप्टर दुसऱ्याला लावलं तर कीबोर्ड जळू शकतो, म्हणून खालच्या लेबलवरचं गोल चिन्ह बघूनच लावा. आपल्याकडचं व्होल्टेज आणि मे महिन्यातलं ऊन दोन्ही सारखेच वैरी. मंडपात पत्र्याखाली दुपारी ठेवू नका.

मग पट्टी. आपण स्केल सांगतो ते पेटीवरून, काळी एक, काळी चार, काळी पाच. ही भाषा कुठल्याही संगीतशास्त्राच्या ग्रंथातली नाही, ती डोळ्यांना दिसणाऱ्या पट्ट्यांची आहे आणि म्हणून टिकली. पांढरी एक म्हणजे त्यांची ‘सी’. ज्याला पांढरी एकवरूनच बोटं चालवता येतात त्यानं ट्रान्सपोजचं बटण वापरावं. काळी एक हवी तर अधिक १, काळी पाच हवी तर उणे २, काळी चार हवी तर उणे ४. मोठे वादक याला नाक मुरडतात. मुरडू द्या, पण भजनात प्रत्येक गायकाची पट्टी वेगळी असते तेव्हा मीही हेच करेन, फक्त पुढच्या गाण्याआधी शून्यावर आणायला विसरायचं नाही.

टच रिस्पॉन्स चालू ठेवा. पेटीवरून आलेल्या माणसाला तो बंद असलेला बरा वाटतो, कारण पेटीत जोर भात्यात असतो, बोटात नसतो. पण सतार-संतूरचा टोन त्याशिवाय मेलेला लागतो. भजनाला तयार ठेका लावला तर टेम्पो टाळेकऱ्यांना आधी ऐकवा, कारण यंत्र कोणासाठी थांबत नाही आणि वारकरी यंत्रासाठी थांबत नाहीत.

मींडीसाठी डावीकडचं पिच बेंडचं चाक. नेहमी दोन अर्धस्वर वर, दोन खाली एवढं ते वळतं. हवं तर वाढवता येतं. भाता मारणारा डावा हात दीडशे वर्षांनी मोकळा झाला आणि त्याला हे काम मिळालं. आणि मधल्या-वरच्या किमतीच्या मॉडेलांत ‘स्केल ट्यूनिंग’ असं एक पान असतं, तिथं बारा पट्ट्या वेगवेगळ्या हलवता येतात, एका अर्धस्वराचे शंभर भाग करून. पांढरी एक षड्ज धरून बिलावल लावायचा तर रिषभ अधिक ४, गंधार उणे १४, मध्यम उणे २, पंचम अधिक २, धैवत उणे १६, निषाद उणे १२. तंबोऱ्याचं ॲप चालू करून गंधार वाजवा. जी थरथर मघाशी सांगितली ती थांबते. देवलांना ज्यासाठी लंडनला पेटी बनवायला टाकावी लागली ते इथं दोन मिनिटांत होतं, आणि पट्ट्या बाराच राहतात. धैवताबद्दल गवयांत अजून वाद आहेत, तुमच्या गुरूंना विचारून आकडा बदला.

शेवटचं, बँडचं. मी लहान होतो तेव्हा लग्नात बँड म्हणजे लाल कोटातली मोठी रांग. पुढं क्लॅरिनेट आणि ट्रंपेट, मागं ते पितळी भोंगे, बाजूला साइड ड्रम. आज गाडी असते, गाडीवर भोंगे-स्पीकरची भिंत, जनरेटर, त्यावर बसलेला एक कीबोर्डवाला, एक ऑक्टोपॅडवाला आणि माईकवर गायक. पाच-सहा फुंकणाऱ्यांचं काम एक जण दहा बोटांनी करतो. कानबाईच्या मिरवणुकीतही आता हेच दिसतं. ऐकणाऱ्याला आवाज जास्त मिळतो, मालकाला माणसं कमी सांभाळावी लागतात, अहिराणी गाण्यांना तर या सेटअपनं नवा बाजार दिला, हे सगळं खरं. पण एप्रिल-मेच्या उन्हात क्लॅरिनेट फुंकून ज्यांनी घरं चालवली त्यातल्या बहुतेकांच्या हातात कीबोर्ड आला नाही. कीबोर्ड पुढच्या पिढीकडं गेला, तोही ज्याच्याकडं तो घ्यायला पैसे होते त्याच्याकडं. फुंकणारे तिथंच थांबले, काही शेतमजुरीला गेले, काहींनी हंगामात गाडीमागं झांजा धरल्या. रेडिओच्या बंदीवर ग्रंथ आहेत, परिषदा झाल्या. या माणसांचं वाद्य बंद झालं त्याची तारीखसुद्धा कुठं लिहिलेली नाही.

म्हणून एक काम सांगतो. तुमच्या गावच्या बँडमध्ये शेवटची क्लॅरिनेट कोणत्या साली वाजली, ती वाजवणारे बाबा आहेत का, त्यांच्याकडं ती अजून आहे का, एवढं विचारून कळवा. शक्य असेल तर मोबाइलवर त्यांच्याकडून ‘नागीन’ वाजवून घ्या. कीबोर्डवरची धून क्लॅरिनेटवर उतरवताना त्यांनी कंप कसा काढला, ओठानं की बोटानं, हे मला खरंच ऐकायचंय. जमली तर पुढच्या भागात तीच ऐकवतो.